पोरांचा फुटबॉल आणि आबाजींचा राग

या पानावर भगिनी मुलांच्या अभ्यासाविषयी, लग्नातल्या वायफळ खर्चाविषयी, सासू-सुनेच्या समजुतीविषयी लिहितात. ते सगळं महत्त्वाचंच आहे. मी मात्र आज फुटबॉलविषयी लिहिणार आहे. मी मूल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे माझ्या मुलानं ओट्यावर हळद-मिठाच्या डब्या मांडून मला तीनदा समजावलं, तरी मैदानावर शिट्टी वाजली की मी शेजारच्या बाईच्या तोंडाकडेच पाहते. पण २०२२ च्या पावसाळ्यात या खेळानं आमच्या घरात जो वाद उभा केला तो अजून मिटलेला नाही, आणि तसा वाद आपल्या पुष्कळ घरांत वेगवेगळ्या कारणांनी होत असणार, म्हणून लिहिते आहे.

माझा मुलगा सैनिकी शाळेत शिकला. सैनिक स्कूल आणि सैनिकी शाळा ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात, तेवढा खुलासा आधी करते. सैनिक स्कूल केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. त्यातली पहिली १९६१ साली साताऱ्याला निघाली. ज्या साताऱ्यात १९०० साली एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाला शाळेत वेगळं बसावं लागलं, त्याच साताऱ्यात! आपल्या चंद्रपूरला असं स्कूल बल्लारपूर रस्त्यावर विसापूरजवळ २०१९ साली सुरू झालं. २०२१ पासून ह्या स्कूलांमध्ये मुलींनाही प्रवेश मिळतो, हे ज्यांच्या घरी हुशार मुलगी आहे त्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावं. सैनिकी शाळा त्याहून निराळ्या. १९९५ साली राज्य सरकारनं जिल्ह्या-जिल्ह्यात अशी शाळा असावी असं धोरण ठरवलं, त्यातून त्या निघाल्या. चालवतात संस्था, पण शिस्त फौजेची असते. पहाटेची शिट्टी, पीटी, परेड, रात्री दिवे बंद. माझा मुलगा ह्या दुसऱ्या प्रकारच्या शाळेत २०१८ साली सहावीत गेला. शाळेचं नाव लिहीत नाही. बढाई मारल्यासारखं होतं.

त्याला तिथं घालण्याचा हट्ट माझ्या सासऱ्यांचा. मामाजी महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सागरच्या सेंटरला भरती झाले, ७१ ची लढाई पाहिली, परत येऊन पाच एकर धानाची शेती केली. त्यांच्या बोलण्यात रेजिमेंट आल्याशिवाय दिवस मावळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी आपल्या लोकांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. पुढं १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. हे सगळं माझा मुलगा पाढे पाठ व्हायच्या आधी ऐकत होता.

पण मामाजींच्या मनात एक सल होता. ते म्हणायचे, "आपल्या रेजिमेंटनं देशाला दोन लष्करप्रमुख दिले. जनरल कृष्णराव आन् जनरल सुंदरजी. दोघंही मोठे माणसं. पण सूनबाई, आपल्या वस्तीतून मी हवालदार झालो, माह्या मागून दोघं शिपाई झाले. साहेब एकही नाही झाला." नातू साहेब व्हावा ही त्यांची इच्छा, आणि साहेब व्हायचा रस्ता सैनिकी शाळेतून जातो हा त्यांचा हिशेब.

मामाजी स्वतः पलटणीत लेफ्ट बॅक खेळायचे. हा खेळ आपल्या देशात आणला आणि रुजवला तो फौजेनंच. ड्युरँड कप १८८८ साली सिमल्याला सुरू झाला तो गोऱ्या पलटणींसाठी. सेनादलाच्या संघानं संतोष ट्रॉफी २०२४ पर्यंत सात वेळा जिंकली आहे. मामाजींना मात्र ह्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या पलटणीतली एक गोष्ट सांगायला जास्त आवडतं. साहेब लोकही जवानांबरोबर खेळायला उतरायचे. "परेडवर साहेबाच्या डोळ्याले डोळा नाही देता येत. पण मैदानावर साहेबाले खांदा मारता येते. तो पडला त उठून माती झटकते आन् पुन्हा पळते. काही बोलत नाही." हे सांगताना त्यांचा उजवा खांदा आपोआप पुढं यायचा.

कोरोनात शाळा बंद झाली. मुलगा आठवीत आणि नववीचा बराच काळ घरीच होता. त्यांच्या बाबांची नोकरी वनविभागात, ते जंगलात. मी गावात घरोघरी जाऊन शिकवत होते. आणि हा मोबाईल घेऊन खाटेवर. वसतिगृह पुन्हा उघडलं तेव्हा म्हणाला, "मी परत नाही जात. इथंच गावच्या शाळेत टाका." चार दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. शेवटी गेला तो अभ्यासासाठी नाही आणि आबाजींसाठीही नाही. दोन वर्षं बंद असलेला सुब्रतो कप ह्या वर्षी होणार आणि शाळा संघ काढणार, असा मित्राचा फोन आला, म्हणून गेला. त्याच सुमारास नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला होता. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे काम उभं केलं त्यावरचा. तो पाहून वसतिगृहातली पोरं दोन आठवडे जमिनीवर चालतच नव्हती म्हणतात.

सुब्रतो कप म्हणजे शाळांची देशपातळीवरची स्पर्धा. आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून १९६० साली ती सुरू झाली आणि आजही हवाई दलच तिचं पाहतं. आधी तालुका, मग जिल्हा, त्यातही चंद्रपूर महापालिकेचा संघ वेगळा, मग नागपूर विभागाचे सहा जिल्हे, मग राज्य, आणि राज्यातून पुढं दिल्ली. दिल्लीतले सामने वर्षानुवर्षं ज्या मैदानावर होत आले त्याचं नाव डॉ. आंबेडकर स्टेडियम. दिल्ली गेटजवळ आहे. हे कळल्यावर मामाजींनी शेजारच्यांना जाऊन सांगितलं की नातू बाबासाहेबांच्या मैदानावर खेळायला चालला. अजून तालुक्याचाही सामना झाला नव्हता.

सराव पहाटे नसायचा. बाहेरच्या वाचकांना नवल वाटेल, पण आमच्या जिल्ह्यात अंधारात पोरांना मैदानावर नेणं कोणाच्याही जिवावर येतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराला मारलं आणि दुर्गापूरला बिबट्यानं एका शाळकरी मुलाला. म्हणून चांगलं उजाडल्यावरच शिट्टी व्हायची.

ह्या संघाचा गोलकीपर भामरागड तालुक्यातला माडिया मुलगा होता. त्याला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. पोरं त्याला 'भामरागड'च म्हणायची. त्याच्या घरी माडिया बोलतात, मराठी तो आश्रमशाळेत शिकला आणि तीही जपून बोलायचा, जसं कोणी दुसऱ्याची सायकल जपून चालवतो. सुरुवातीला तो अनवाणी खेळायचा. बूट घातले की पायाला जमीन कळत नाही म्हणायचा. खेळाच्या सरांनी त्याला १९११ सालच्या मोहनबागानची गोष्ट सांगितली. त्यांच्या अकरापैकी दहा जण अनवाणी होते आणि त्यांनी बूट घातलेल्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शील्ड घेतली. गोष्ट सांगून झाल्यावर सर म्हणाले, आता नियमात बूट सक्तीचे आहेत, तेव्हा घाल. स्टडच्या बुटांची जोडी स्वस्त नसते. माझ्या मुलाचे जुने त्याला एक बोट मोठे झाले, पुढं कापूस भरून चालवले.

जिल्ह्याचे सामने पोरांनी जिंकले. त्या दिवसांत वर्धा आणि इरई दोन्ही नद्या फुगलेल्या, राजुऱ्याकडचा रस्ता बंद, काही संघ पोचलेच नाहीत, हेही सांगायला हवं. चिखल इतका की कोणत्या बाजूचा पोरगा कोण, ते पाठीवरचा आकडा पुसून पाहावं लागे. एका सामन्यात माझ्या बाजूला उभे असलेले एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "ही सारी कोट्यातली पोट्टी दिसतात." ह्यांचे बाबा शेजारीच होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, कोटा असता तर एवढ्या चिखलात कोण पळालं असतं? दोन गोल घरपोच आले असते." गृहस्थ हसले. मला हसू आलं नाही.

विभागाचा सामना नागपूरला होता, कामठीच्या एका शाळेशी. कामठीचा फुटबॉल साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे, तिथं पोरगं चालायला लागलं की चेंडूमागंच जातं. आणि आमचा गोलकीपर नव्हता. आजी वारली म्हणून घरी गेला, आणि मग पर्लकोटा चढली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर जंगलातून गेलं की भामरागड लागतं. तिथं इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा, पाऊस जोराचा झाला की पुलावरून पाणी जायचं आणि पलीकडची सगळी गावं जगापासून तुटायची. २०२२ च्या पावसाळ्यात असं किती वेळा झालं ते तिथले लोकच जाणोत. फोनही लागेना. माझ्या मुलाला हातमोजे घालून गोलात उभं केलं. चार गोल झाले. परत येताना बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. दिल्लीचं स्टेडियम तिथंच संपलं.

गोलकीपर नऊ दिवसांनी आला. पाणी उतरेपर्यंत थांबला, मग अर्धा रस्ता पायी आणि अर्धा मालाच्या गाडीत. आल्या आल्या विचारलं, किती झाले? चार, म्हटल्यावर खाली मान घालून बूट पुसत बसला.

शालेय क्रीडा स्पर्धेचे सामने बाकी होते. सप्टेंबरात सरावात कप्तानाचं मनगट मोडलं. नवा कप्तान कोण? सरांनी माझ्या मुलाला विचारलं. अभ्यासात बरा, परेडमध्ये बरा, बोलतो नीट. माझ्या मुलानं सांगितलं, भामरागडला करा.

काही पोरांनी कुरकूर केली. "त्याले धड बोलता येत नाही, तो काय कप्तान होते?" पण खरा भडका आमच्या घरी उडाला. मुलगा रविवारी फोनवर हे सहज बोलून गेला आणि मामाजींनी फोन माझ्या हातात दिला. दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "आपलं पोट्टं मांगं काऊन सरलं? आपल्या बापाले मांगं सरा म्हणत, आज्याले मांगं सरा म्हणत. आता कोणी म्हणून नाही राह्यलं, त हा आपल्या मनानंच सरून राह्यला. साहेब होणारा असा करते का?"

मला त्यांचं बोलणं उडवून लावता आलं नाही. फौजेत कागद पाहतात. शाळेचा कप्तान होता हे पुढं मुलाखतीत विचारतात. आणि पुढची वाट काय आहे हेही आपल्या लोकांना नीट माहीत नसतं. सैनिक स्कूलच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातीला राखीव जागा आहेत, पण एनडीएत नाहीत. तिथं यूपीएससीचा नऊशे गुणांचा लेखी पेपर, त्यात तीनशे गणिताचे. तो निघाला की एसएसबीचे पाच दिवस, त्याचेही नऊशे गुण. त्या पाच दिवसांत पोरांना मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम देऊन अडथळे पार करायला सांगतात, आणि साहेब लोक वही घेऊन बघत असतात की गटात कोण पुढं होतो, कोणाचं दुसरे ऐकतात. मामाजींना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर त्यांना राग आला होता.

मुलानं पुढच्या रविवारी आबाजींना फोनवर उत्तर दिलं. मी बाजूलाच होते. "आबाजी, लेफ्ट बॅकले आपल्या बाजूचंच दिसते. तुमाले माहीत आहे. गोलकीपरले सारं मैदान दिसते. कामठीच्या वक्ताले मी गोलात उभा होतो त मले सारं दिसे, पण काय ओरडाचं ते सुचे नाही. त्याले सुचते. तो ओरडते तवा आम्ही बरोबर जागेवर असतो." मामाजी म्हणाले, "ओरडते कोणत्या बोलीत?" पोरगा म्हणाला, "आता आमाले समजते."

मी यात कोणाची बाजू घेऊ? शिक्षिका म्हणून मला मुलाचं पटलं. त्यानं खेळाचा विचार केला आणि तो योग्य होता. पण सून म्हणून, आणि ह्या समाजातली बाई म्हणून, मामाजींची भीतीही माझ्या पोटात होती. पुढं होण्याची सवय एका पिढीत लागत नाही आणि सुटायला मात्र एक दिवस पुरतो. शिवाय आणखी एक गोष्ट मला डाचत होती, ती मी त्यांना बोलून दाखवली. कुरकूर करणाऱ्या पोरांत दोघं आपल्याच वस्त्यांमधले होते. "धड बोलता येत नाही" हे वाक्य आपल्या मुलांना किती शाळांत ऐकावं लागलं आहे! तेच त्यांनी उचलून माडिया पोराला लावलं. मामाजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्या पोट्ट्याले घेऊन ये एकदा."

तो आला सोळा ऑक्टोबरला. रविवार होता, शाळेनं सुटी दिली. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेनंतर बाबासाहेब चांद्याला आले आणि १६ ऑक्टोबरला इथं दीक्षा झाली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मामाजी तेव्हा आठ वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर बसून आले होते. दरवर्षी ते आम्हाला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर नेतात आणि ते कुठं बसले होते ती जागा दाखवतात. जागा दरवर्षी थोडी सरकते, आम्ही काही बोलत नाही. त्या वर्षी त्यांनी ती गोलकीपरला दाखवली. गर्दी, पुस्तकांची दुकानं, निळे झेंडे, सगळं त्यानं निवांत पाहिलं आणि विचारलं, "आबाजी, तेव्हा इथं मोकळं मैदान होतं काय?" मामाजी म्हणाले होतं. तो म्हणाला, "खेळाले चांगलं असेल." मामाजी इतके हसले की खोकला लागला. नंतर दोघं एका झाडाखाली बसले आणि कॉर्नर येतो तेव्हा गोलकीपरनं पुढं यावं की रेषेवर थांबावं ह्यावर अर्धा तास बोलले. मामाजींचं मत रेषेवर. पोरानं मान हलवली, पण मला नाही वाटत त्यानं ते मानलं.

विभागाचे सामने दिवाळीच्या सुट्या संपल्यावर पुन्हा नागपूरला झाले. मामाजी हट्टानं आले, स्वेटर आणि काठी घेऊन. एक सामना जिंकला. दुसरा बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर आला. आमच्या गोलकीपरनं पाचातले दोन अडवले. आमच्या तिघांनी बाहेर मारले, त्यात एक माझा मुलगा. झालं. राज्य पातळी गाठली असती तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले असते, तेही गेले.

सामना चालू असताना मामाजी पूर्ण वेळ उभे होते. गोलकीपर मागून ओरडायचा, एक शब्द मराठी, एक माडिया, एक हिंदी, आणि पोरं सरकायची. परतीच्या गाडीत मामाजी बराच वेळ गप्प होते. बुटीबोरी गेल्यावर म्हणाले, "आवाज परेडचा आहे त्याचा." पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "तरी आपल्या पोट्ट्यानं आपल्या मनानं मांगं सराले नोको होतं." दोन्ही गोष्टी ते आजही म्हणतात.

दहावीनंतर मुलानं छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची परीक्षा दिली. ही राज्य सरकारची संस्था १९७७ पासून आहे, अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. आता मुलींसाठीही नाशिकला तशी संस्था निघाली आहे, आणि एनडीएत मुली २०२२ पासून आहेत. मुलाची लेखी निघाली, मुलाखतीत राहिला. बारावीनंतर एनडीएची लेखी काढली आणि भोपाळला एसएसबीला गेला. पहिल्या दिवशीच्या छाननीत टिकला, पाचव्या दिवशी नाव आलं नाही. पुन्हा बसणार म्हणतो, वय अजून आहे. मामाजींनी विचारलं, कप्तान होता का असं विचारलं काय? मुलगा म्हणाला, विचारलं. काय सांगितलं? "जे झालं ते सांगितलं."

गोलकीपर गडचिरोलीत पोलीस भरतीची तयारी करतो आहे. सकाळी रस्त्यावर शेकडो पोरं पळताना दिसतात, त्यात तोही. त्याच्या गावाकडं गेला की आठ-आठ दिवस संपर्क नसतो. नेटवर्क मिळालं की फोन येतो, आणि पहिली दहा मिनिटं दोघं टायब्रेकरच्या त्या तीन गोलांवर भांडतात. मग तो म्हणतो, आबाजीले दे.